कपाटातला मान्य नमुना

मी टॉर्च बोलतोय. कुणी मला बॅटरी म्हणतं, कुणी विजेरी. कागदोपत्री माझं नाव ‘हातातील प्रखर टॉर्च, साध्या सेलवर चालणारा, नग एक’ असं आहे. माझं उमेदीचं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलं, तेव्हा बोलताना भाषेला जरा शाईचा वास आला तर सांभाळून घ्या.

टॉर्चच्या आयुष्यात अंधार असावा लागतो. माझ्याही होता. पण त्यातला बराचसा सकाळी साडेदहाला, खिडक्या लावून, मुद्दाम तयार केलेला होता.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक लेथ आणि एक कातारी. मालक, कामगार आणि माल पोचवणारा, तिन्ही तोच. माझी पितळी नळी त्याने स्वतः कातली, बटण पन्नासदा दाबून पाहिलं आणि काचेमागची वाटी फडक्याने इतकी घासली की तिच्यात त्याला आपलं नाक उलटं दिसलं. तो हसला. मी जगात पाहिलेलं पहिलं हसू ते, आणि तेही उलटं.

नमुना सगळेच जीव ओतून बनवतात. पुढचा माल हात उरकून काढतात. या कातार्‍याची पंचाईत अशी की त्याला हात उरकणं जमतच नसे. त्यामुळे त्याच्याकडे दुसरा कामगार कधी टिकला नाही.

कचेरीला टॉर्च हवे होते ते बोगद्यासाठी. धरणापासून गावापर्यंत पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून येत असे. अधूनमधून पाणी बंद करून मुकादम आपली चार माणसं घेऊन आत उतरायचा आणि भिंतींना कुठे चीर गेलीय का ते बघायचा. त्यासाठी टॉर्च दणकट हवा, लांब पल्ल्याचा हवा, आणि मुख्य म्हणजे कोपर्‍यावरच्या दुकानात मिळणार्‍या साध्या सेलवर चालणारा हवा.

टॉर्चची तपासणी मात्र बोगद्यात होत नसे. ती दप्तरखान्यात होई. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तो निमूट पाळत, त्यावरून जुना असावा. दप्तरखाना तीस पावलं लांब. एका टोकाला स्टूल, स्टुलावर टॉर्च. दुसर्‍या टोकाला, शेवटच्या मांडणीवर, दोन बोटं उंच अक्षरांत काहीतरी लिहिलेला कागद टांगायचा. खिडक्या बंद. टॉर्च साडेदहाला लावायचा आणि साडेपाचला कचेरी सुटेपर्यंत तसाच चालू ठेवायचा. दोन्ही वेळेला कागद वाचता आला तर टॉर्च पास. थोडक्यात, टॉर्चकडून कर्मचार्‍यांपेक्षा जास्त अपेक्षा होती. त्याला मधली सुट्टी नव्हती.

नियमात आणखी एक कलम होतं. वाचणारा माणूस एकच असावा, म्हणजे आजचं मोजमाप आणि दहा वर्षांनंतरचं मोजमाप सारखं राहील.

तो माणूस म्हणजे दप्तरखान्याचे प्रमुख. सगळी कचेरी त्यांना घारभाऊ म्हणे. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांची नजर खरोखरच घारीची होती. रस्त्यापलीकडच्या घड्याळाचा सेकंदकाटा ते खुर्चीत बसून वाचत आणि साहेबांचं घड्याळ मागे असल्याचं साहेबांना कळवत. साहेबांना हे विशेष आवडत नसे.

तपासणीची वही भांडारातल्या बाईंकडे असायची. बाई वयाने लहान, पण जीभ तयार. माझ्या तपासणीच्या दिवशी आम्ही तीन उमेदवार होतो. पहिला एकदम झकपक. त्याला भिंतीतल्या विजेवर चार्ज करावा लागे.

“धरणावरच्या चौकीत वीज गेली तर?” बाईंनी विचारलं.

“तसं व्हायच्या आधीच चार्ज करून ठेवायचा,” तो विकणारा म्हणाला.

“का हो, जाण्याआधी वीज कळवून जाते का तुमच्याकडे?”

तो बाद झाला. दुसर्‍याला चिमुकले, खास सेल लागत, आणि ते सेल फक्त विकणार्‍याच्याच पिशवीत मिळत. तोही गेला. मग मी. बाईंनी चार मोठे साधे सेल माझ्या पोटात सारले, झाकण फिरवलं, बटण दाबलं. माझा झोत सरळ शेवटच्या मांडणीवर जाऊन बसला.

घारभाऊ खुर्चीत रेलूनच म्हणाले, “गठ्ठा चारशे अठरा, भाग सात. आणि खाली पेन्सिलीने रेघ ओढलीय, ती उजवीकडे उतरलीय, बाई.”

“भाऊ, टॉर्च तपासा. माझी चित्रकला नको.”

साडेपाचलाही त्यांनी तेच वाचलं, रेघेसकट. मी पास झालो.

आता तुम्हाला वाटेल, पास झालेला टॉर्च बोगद्यात गेला. नाही. बोगद्यात माझ्यासारखे दुसरे गेले. मी ‘मान्य नमुना’ झालो. म्हणजे माझे सेल काढून घेतले, गळ्यात चिठ्ठी बांधली, गाठीवर लाखेचा शिक्का मारला आणि मला दप्तरखान्यातल्याच जाळीच्या कपाटात ठेवलं. पुढे कधी मालाबद्दल वाद झाला तर मला बाहेर काढून त्याच्याशी ताडून पाहायचं, एवढंच माझं काम.

त्या कपाटात आम्ही बरेच मान्य नमुने होतो. कधीही केर न काढलेला झाडू होता. पाण्याचा थेंब न पाहिलेली बादली होती. एक कुलूप होतं. त्याची किल्ली सुरक्षित राहावी म्हणून दुसर्‍या कुलपात ठेवली होती. खुंटीला टांगलेला रेनकोट होता. आम्ही सगळे आदर्श होतो, आणि आदर्शांचं असतं तसं, आमच्याकडे बघून सगळे माना डोलवत आणि कामाला दुसर्‍यांना नेत.

वर्षातून एकदा मात्र मजा असे. वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी बाई चिठ्ठी आणि शिक्का न मोडता माझं झाकण फिरवत, नवे सेल घालत आणि मला लावत. घारभाऊ मला हातात घेऊन काचेत जवळून डोकावत, बल्ब, वाटी, सगळं निरखत. मग वहीत शेरा पडे: ‘सुस्थितीत’. लगेच सेल बाहेर. या बाबतीत बाई फार काटेकोर होत्या. “सेल पोटात ठेवून विसरलात तर ते पाझरतात, आणि मग आतून खातात,” असं त्या म्हणत. हे वाक्य लक्षात ठेवा.

जाळीतून मला सगळं दिसे. दुपारी डबे उघडले की बाई आणि घारभाऊ गप्पा मारत. एकदा घारभाऊंनी आपल्या आधीच्या दप्तरवाल्यांची गोष्ट सांगितली.

“चांगला माणूस हो. सोमवारी एका फायलीच्या जागी दुसरी काढून दिली. बुधवारी साहेबांनी डोळे तपासायला पाठवलं. शुक्रवारी अपात्र म्हणून घरी, आणि चाव्या माझ्या कमरेला. जाताना त्यांनी या मांडण्यांवरून हात फिरवला, शेवटपर्यंत. मी बघत होतो.” मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, “आपल्याला नाही तसं जमायचं. आपण निवृत्तीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने चाव्या देणार.”

वर्षं गेली. दरवर्षी कातार्‍याच्या टॉर्चची नवी पेटी येई, घारभाऊ वाचत, पेटी पास होई, मुकादम घेऊन जाई. मुकादम आला की दप्तरखान्यात आवाज वाढे. बोगद्यात बोलून बोलून त्याला हळू बोलणं माहीतच नव्हतं.

आणि मग हळूहळू जगातला उजेड कमी व्हायला लागला.

हे मी म्हणत नाही, घारभाऊ म्हणत. “हल्लीच्या बल्बात दम राहिला नाही, बाई.” दप्तरखान्यातले दिवे तीनदा बदलून झाले. खिडक्यांच्या काचा धुवून घेतल्या. “शाईत पाणी घालतात हल्ली, अक्षर उठतच नाही.” वर्तमानपत्राची छपाई बिघडली, रस्त्यापलीकडच्या घड्याळाची काच घाण झाली, धुकं लवकर पडायला लागलं. प्रत्येक गोष्टीची अखेर एकाच वाक्यात होई: “पूर्वीचं काही राहिलं नाही.” आणि आजूबाजूचे समवयस्क मान हलवून हो म्हणत, कारण त्यांच्याकडेही जवळजवळ तशीच यादी होती.

माझं ऐका. पूर्वीचं पुष्कळसं होतं तसंच होतं.

कारण त्या वर्षी घारभाऊ माझ्या काचेत डोकावले तेव्हा माझा उजेड त्यांच्या डोळ्यांत पडला, आणि मी पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधाचा थेंब सांडून वाळावा तसा पांढुरका डाग होता. मोतीबिंदू. सगळ्या कचेरीत ते मला पहिल्यांदा कळलं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं. उजेड होता, पण उजेडाला बोलता येत नाही. घारभाऊ म्हणाले, “जुना माल बघा, बाई! चौदा वर्षं होत आली, केवढा लख्ख!” जवळून लख्ख दिसणारच. डोळ्यांपासून मी एक वीत अंतरावर होतो.

त्यानंतर आलेली पेटी नापास झाली.

“अक्षर दिसत नाही. मंद,” घारभाऊ म्हणाले.

“मला तर दिसतंय, भाऊ,” बाई म्हणाल्या.

“कागद तुम्हीच लिहिलाय. तुम्हाला डोळे मिटूनही दिसेल.”

मुद्दा बिनतोड होता. शिवाय नियम स्पष्ट होता: वाचणारा एकच. चार महिन्यांनी दुसरी पेटी आली, तीही परत गेली. मग तिसरी.

एका सकाळी घारभाऊ आत आले, माझ्या कपाटापाशी थांबले आणि खुंटीवरच्या रेनकोटला म्हणाले, “या साहेब. उभे का? बसा ना.” रेनकोट बसला नाही. घारभाऊ जरा वेळ थांबले आणि, साहेब नाराज दिसतात अशा चेहर्‍याने, जागेवर जाऊन बसले. दारात बाई उभ्या होत्या. एरवी एवढ्या भांडवलावर त्यांनी महिनाभर कचेरी हसवली असती. त्या हसल्या नाहीत. दुपारी घारभाऊ जेवायला गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि रेनकोट घडी करून खालच्या फळीवर ठेवला. त्या दिवशी कळणारे आम्ही दोघं झालो.

घारभाऊंना तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं होती.

इकडे बोगद्यातले जुने टॉर्च एकेक करून मरत होते. एकाचं बटण दोर्‍याने बांधलेलं, दुसर्‍याची काच गेलेली. मुकादम कंदील घेऊन उतरायला लागला. आणि एक दिवस तो दप्तरखान्यात आला तो उजवा हात प्लास्टरात, गळ्याशी बांधून.

“अरे, हे काय?” घारभाऊ उठले.

“पायरीवर शेवाळ होतं. कंदिलाला ते दिसतं, पण सांगायला उशीर करतो,” मुकादम हसून म्हणाला. “कोपर्‍यात दोन तुकडे. डॉक्टर म्हणाला, डोकं वाचलं म्हणून आभार मान. मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो.”

“टॉर्च असता तर...”

“असता तर असता! ते सोडा. तुमचं बरोबर आहे, घारभाऊ. तुमच्यासारखा कडक माणूस बसलाय म्हणून भुक्कड माल आमच्या हातात येत नाही. आमच्या पोरांनाही मी तेच सांगतो. थांबा, चांगला येईल.”

घारभाऊ खाली बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

दुसर्‍याच दिवशी कातारी आला. मी त्याला लगेच ओळखलं, जरी मिशा पांढर्‍या झाल्या होत्या. काखेत पेटी होती, परत गेलेली.

“साहेब, माझा माल तीनदा परत आला,” तो घारभाऊंना म्हणाला. “तुमची तक्रार असेल, मी नाही म्हणत नाही. पण नियमात आहे ना? मान्य नमुन्याशी ताडून दाखवा.”

“दाखवू की!” घारभाऊंचा चेहरा उजळला. त्यांना शंका म्हणून नव्हती. “बाई, काढा नमुना. जुना माल काय होता ते यांनाही बघू दे. हाताला सवय लागते हो सोपं करायची, तुमचा दोष नाही.”

कातार्‍याने आपल्या हातांकडे पाहिलं.

बाईंचा मात्र रंग उतरला. ताडून बघताना काय होणार ते त्यांना माहीत होतं. जुना नमुनाही मंद ठरला, की प्रश्न मालाचा राहणार नव्हता. साहेबांकडे कागद जाईल. मग बुधवार, मग शुक्रवार. त्या कपाटाकडे आल्या, मला उचललं, आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग दप्तरातून एक पिवळा पडलेला कागद काढून शेवटच्या मांडणीवर टांगून आल्या.

“भाऊ,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “नवा कागद लिहायला वेळ नाही. पहिल्या तपासणीचाच लावलाय. फायलीला होता.”

कातार्‍याला यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. तो कागद घारभाऊंना पाठ होता. रेघेसकट.

ताडून पाहताना नमुन्याची चिठ्ठी सोडावी लागे, म्हणून लाखेचा शिक्का बाईंनी नखाने फोडला. चौदा वर्षांची लाख, टिचकन तुटली. चार नवे सेल पोटात गेले, खिडक्या बंद झाल्या, बटण दाबलं. माझा झोत तसाच सरळ गेला, अगदी पहिल्या दिवसासारखा. मला स्वतःला कागद स्वच्छ दिसत होता. पेन्सिलीची रेघसुद्धा.

घारभाऊ खुर्चीत रेलले. मग सरळ बसले. मग पुढे वाकले.

“लावलाय ना, बाई?”

“लावलाय, भाऊ.”

“बटण पूर्ण दाबा.”

“पूर्ण आहे.”

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. माणसाला एखादी गोष्ट कळायला वर्षं लागतात आणि पटायला एक श्वास पुरतो, तसं झालं. दिवे, खिडक्या, शाई, वर्तमानपत्र, घड्याळ, तीन पेट्या, सगळं एका ओळीत त्यांच्या समोर येऊन उभं राहिलं असावं. दप्तर लावण्याची सवय होती त्यांना.

बाईंनी पेन वहीवर टेकवलं होतं. “वाचा ना, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या.

“गठ्ठा चारशे अठरा...” घारभाऊ म्हणाले आणि थांबले.

“पुढे?”

“पुढचं पाठ आहे, बाई. खालची रेघही पाठ आहे.” त्यांचा आवाज फार साधा होता. “पण मला दिसत नाहीये. तिथे कागद आहे की भिंत, तेही दिसत नाहीये.”

“भाऊ, म्हणून टाका. दोनच वर्षं राहिलीत. एवढंच वाक्य आहे.”

“आज म्हणेन. पुढच्या वेळी तुम्ही नवा कागद लावाल, मी पुन्हा नापास करेन.” त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. “मुकादमाचा अजून एक हात शिल्लक आहे.”

मग त्यांनी वही मागून घेतली. शेर्‍याचा रकाना बोटाने चाचपला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘टॉर्च पास. वाचणारा नापास.’ खाली सही केली. ती ओळ लिहिता लिहिता उजवीकडे उतरली. बाईंनी बघितलं. वही मिटून घेतली.

घारभाऊ कातार्‍याकडे वळले, म्हणजे जिथे तो असावा असं त्यांना वाटलं तिकडे. “तुमचा हात बदललेला नाही. तीन पेट्या मी उगीच परत पाठवल्या. माफ करा.”

कातारी म्हणाला, “साहेब, प्रत्येक पेटी घरी नेली ना, की मी रात्रभर माझेच हात बघत बसायचो. म्हटलं, आता थरथरतात बहुतेक, आपल्याला कळत नाही.” आणि हात पुढे धरून पाहिले. थरथरत नव्हते.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. घारभाऊ डॉक्टरकडे गेले, एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या दोन महिन्यांत दप्तरखान्याच्या चाव्या दुसर्‍या कुणाच्या कमरेला जाऊ नयेत म्हणून बाईंनी त्या भांडाराच्या तिजोरीत ठेवल्या आणि साहेबांना सांगितलं, “नोंद माझ्याकडे आहे.” कसली नोंद ते साहेबांनी विचारलं नाही, बाईंना विचारायची पद्धत नव्हती. घारभाऊ जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले. बाईंनी रेनकोट पुन्हा खुंटीला लावून ठेवला होता. घारभाऊंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “तू होय!” तेव्हा बाई जे हसल्या ते सगळं मागचं वसूल करून हसल्या.

तपासणीचं वाचन मात्र त्यांनी पुन्हा केलं नाही. ते काम बाईंकडे गेलं, आणि नियमात एक ओळ वाढली: ‘टॉर्चच्या आधी वाचणार्‍याची तपासणी करावी.’

आणि मी? माझा शिक्का फुटला होता. फुटलेला शिक्का पुन्हा मारता येत नाही, आणि शिक्क्याशिवाय आदर्श राहता येत नाही. शिक्का फुटला त्याच दुपारी बाईंनी मला मुकादमाच्या हातात दिलं.

“सही करा.”

“कुठल्या हाताने?”

“जो आहे त्याने.”

मुकादमाने डाव्या हाताने सही केली. ती पाहून बाई म्हणाल्या, उजव्या हाताची याहून वाईट होती.

दुसर्‍या आठवड्यात मी पहिल्यांदा खरा अंधार पाहिला. खिडक्या लावून केलेला नव्हे. ओला, वास असलेला, कुठे संपतो ते माहीत नसलेला. माझा झोत आत गेला आणि परत आलाच नाही, तेव्हा कळलं की आपला पल्ला तीस पावलांपेक्षा पुष्कळ मोठा आहे. पायरीवरचं शेवाळ मी त्यांना वेळेत दाखवलं. दोन वर्षांत मला सहा पोचे पडले. एकेकाची गोष्ट सांगू शकतो. कपाटातल्या चौदा वर्षांची मिळून एक गोष्ट होती, ती सांगून झालीच.

घारभाऊ निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी चाव्या स्वतःच्या हाताने दिल्या. आणि मुकादमाने जुन्या रुमालात गुंडाळून मला त्यांच्या हातात ठेवलं. “बाईंनी याला बाद करून टाकलंय,” तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. तीन खोल्यांपलीकडे ऐकू गेलं. “बाद माणसाला बाद वस्तू. दोघांनी सांभाळून राहा.”

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी घारभाऊंच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खणात राहतो. वीज गेली तर घरातले सगळे खिशातून फोन काढतात आणि त्याच्या उजेडात मला शोधतात. सापडलो की म्हणतात, “राहू दे, आता दिसतंय.” मला राग येत नाही. मान्य नमुन्याला याची सवय असते.

पण वर्षाच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, घारभाऊ पडदे ओढतात. माझ्यात सेल घालतात. त्यांची बायको एका कागदावर काहीतरी लिहिते आणि बोळाच्या टोकाला, भिंतीवर चिकटवते. बारा पावलं अंतर. काय लिहिलं ते आधी सांगत नाही. एका वर्षी लिहिलं होतं, ‘ओला टॉवेल पलंगावर टाकू नये.’ घारभाऊंनी ते खणखणीत आवाजात वाचलं आणि वहीत शेरा टाकला: ‘दोन्ही पास. मजकूर आक्षेपार्ह.’

यंदाही पडदे ओढले. बटण दाबलं. मी जोर लावला. माझा झोत निघाला, पण बोळाच्या मध्यावर येऊन पिवळा पडला आणि कागदापाशी पोचता पोचता विरून गेला.

घारभाऊ बराच वेळ बघत राहिले.

“वाचा की,” बायको म्हणाली.

“दिसत नाही.”

“मला दिसतंय.”

“तू लिहिलायस. तुला डोळे मिटूनही...” घारभाऊ थांबले. बोलता बोलता आपलंच जुनं वाक्य त्यांच्या पायात आडवं आलं. “नको. हे मी मागे एकदा म्हणालो होतो.”

“अहो, सकाळी पेपर तर वाचलात पानभर.”

“पेपर हातात असतो. ते राहू दे. या वेळी मी मालाला नाव ठेवणार नाही.”

त्यांनी वही उघडली आणि तेरा वर्षांपूर्वीचाच शेरा पुन्हा लिहिला. आता त्यांची ओळ सरळ होती, रुळासारखी. वहीची रेघसुद्धा त्यांना स्वच्छ दिसत होती; पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मग डॉक्टरला फोन केला. सोमवारची वेळ मिळाली. तेव्हापासून ते घरात जरा भिंत धरून चालतात, आणि जिना उतरताना पायरी मोजतात. काल त्यांनी आपल्या मांडणीवरच्या पुस्तकांवरून हात फिरवला. शेवटपर्यंत. मी बघत होतो.

आणि मी खणात पडून आहे, सगळं माहीत असून. गेल्या वर्षी तपासणीनंतर पाहुणे आले, त्या गडबडीत सेल माझ्या पोटातच राहिले. वर्षभर. ते पाझरले. यंदा आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी ते काढून नवे घातले, पण आत बघितलं नाही. माझी स्प्रिंग हिरवी पडलीय, आणि कातार्‍याने घासून घासून चकचकीत केलेली वाटी काळवंडलीय. आता तिच्यात कुणाचं नाकही दिसणार नाही, सुलटं किंवा उलटं. बाई असत्या तर पहिल्यांदा झाकण फिरवून आत बघितलं असतं.

मला याचं वाईट वाटत नाही. चांगलं आयुष्य झालं. आदर्श म्हणून चौदा वर्षं, उपयोगी म्हणून दोन, आणि उरलेलं एका माणसाच्या घरी, ज्याने माझ्यासमोर खरं सांगितलं होतं.

पण तुम्ही हे वाचत आहात, आणि तुम्हाला तोंड आहे, म्हणून एक विनंती. सोमवारच्या आत कुणीतरी त्या घरी जा. माझं झाकण फिरवा, स्प्रिंग त्यांना दाखवा. आणि त्यांना सांगा, की वहीतली ओळ या वेळी खोडावी लागेल.

वाचणारा पास आहे. टॉर्च नापास.